दूध नाही, गायच पाठवली



आमच्या बचत गटातल्या एका ताईंवर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी त्यांना हाडांचा स्कॅन करायला शहरात जायला सांगितलं. ‘शिरेतून अणूचं औषध सोडतात म्हणे,’ हे ऐकून त्यांनी दोनदा जाणं टाळलं. त्यांची समजूत काढायला आम्हालाही धड माहिती नव्हती. म्हणून या औषधाचा इतिहास आम्ही वाचून काढला. तोच आज सांगतो.

औषधातल्या मुख्य पदार्थाचं नाव टेक्नेशियम. हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीत कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांना सापडलं. स्कॅनसाठी त्याचा ‘९९एम’ हा प्रकार वापरतात. हाडाकडे जाणाऱ्या औषधाला तो जोडला, की हाडात जिथे जास्त घडामोड चालू असते तिथे तो जास्त साठतो. त्यातून निघणारे किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. पण त्याची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते. एका दिवसात जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. शरीराच्या दृष्टीने हे चांगलंच, पण दूरच्या दवाखान्यात ते पोचवायचं कसं?

आपल्या भूमकडे दूध टिकत नाही म्हणून खवा आटवतात. शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. दूध पाठवण्याऐवजी त्यांनी गायच पाठवली! १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन या रसायनतज्ज्ञ बाई यांच्या गटाने ही युक्ती साधली. मॉलिब्डेनम-९९ नावाचा पदार्थ निम्मा व्हायला ६६ तास लागतात, आणि त्यातूनच टेक्नेशियम तयार होत राहतं. शिशाच्या आवरणातल्या नळीत मॉलिब्डेनम धरून ठेवायचं आणि वरून सलाईनचं पाणी सोडायचं. टेक्नेशियम तेवढं पाण्याबरोबर खाली येतं. दुसऱ्या दिवशी कास पुन्हा भरलेली! दवाखान्यातले लोकही त्याला ‘गाय’ आणि ‘धार काढणं’ असंच म्हणतात. एक गाय साधारण आठवडाभर पुरते.

आपल्याकडे तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. ही औषधं बनवणाऱ्या तुर्भ्याच्या विभागाची धुरा पुढे डॉ. मीरा वेंकटेश या रसायनतज्ज्ञ बाईंनी सांभाळली.

पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ तर याहून घाईचं. ते ११० मिनिटांत निम्मं होतं. त्यासाठी देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळलाच आलं. तिथून निघालेलं औषध सव्वासात तासांनी सोळावा हिस्साच उरतं. धाराशिवपर्यंतचा रस्ता त्याहून लांबचा. अशी यंत्रं मोठ्या शहरांभोवतीच का, ते यावरून कळतं.

म्हणून मैत्रिणींनो, स्कॅनची वेळ चुकवू नका. तुमच्यासाठी सकाळी काढलेली धार संध्याकाळपर्यंत थांबत नाही. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधीच सांगा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर नंतर भरपूर पाणी प्या. तान्ह्या बाळापासून किती वेळ लांब राहायचं, तेही विचारून घ्या.

आमच्या ताई परवा पहाटेच्या एसटीने निघणार आहेत. आमच्यातली एक जण सोबतीला आहे.