सेल्फ घेते, पण सुरू होत नाही

परवा पहाटे चारला आमच्या जुन्या डिझेल पिकअपने असहकार पुकारला. मागे टोमॅटोचे क्रेट, लिलावाची वेळ गाठायची, आणि चावी फिरवली की नुसतं घर्र घर्र!

"थांब, बॅटरी संपवशील," बाबा म्हणाले. त्यांनी सायलेन्सरवर टॉर्च धरला, मला एकदाच सेल्फ मारायला लावला. "धूर नाही. डिझेलच पोचत नाहीये."

आपल्याला वाटतं सेल्फ म्हणजे गाडी सुरू करणारा. पण तो इंजिन नुसतं फिरवतो. त्याआधी हे काम लोखंडी हँडलचं होतं. इंजिन उलटं फिरलं की हँडल मारणाऱ्याचा हात मोडायचा. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि माणसाचे हात वाचले.

पेट घेणं ही वेगळी गोष्ट. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं. त्यात ठिणगी नाहीच! हवा इतकी दाबायची की ती तापते आणि फवारलेलं तेल आपोआप पेटतं. पण तेव्हा तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, म्हणजे सोबत अवजड कॉम्प्रेसर आला. असलं धूड ट्रकवर कसं बसवणार? १९२७ मध्ये बॉशने छोटे, अचूक इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतले आणि डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं. ते बघायला स्वतः डिझेल नव्हता; १९१३ मध्येच इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला होता.

या पंपाला एकच गोष्ट चालत नाही : हवा. डिझेल दाबलं जात नाही, हवा दबते. मग नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही.

"फिल्टर कधी बदललास?"

"काल संध्याकाळी," मी म्हणालो, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेकॅनिकचे पैसे वाचवायला फिल्टर मीच बदलला होता. हवा काढायची राहिली होती.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हँडपंप मारत राहिले. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला. मग नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारला, डिझेल दिसताच आवळले. पुढच्या सेल्फला गाडी सुरू!

लिलाव अर्धा उरकला होता, भावही उतरला होता. परत येताना स्टिअरिंग माझ्या हातात होतं. शेजारी बाबा डिझेलने माखलेले हात फडक्याला पुसत बसले होते. मला मात्र त्यांनी एकदा तरी रागवायला हवं होतं असं वाटत राहिलं...