इंग्रजींतील हरवलेला ‘तूं’

आमच्या एका विद्यार्थ्यानें मागें एका इंग्रज विद्वानांस पत्र लिहिलें. मायना ‘रिस्पेक्टेड सर’. पुढें मजकूर, ‘यू विल काइंडली सेंड द बुक.’ त्याच्या मनांत ‘आपण कृपा करून ग्रंथ पाठवावा’ असें होतें. वाचणारास तो हुकूम वाटला, आणि उत्तर कोरडें आलें. मुलगा खिन्नपणें म्हणाला, ‘सर, ज्या भाषेंत थोरांसही “तूं”च म्हणतात, तींत अदब दाखवावी कशी?’

हा समज आपल्याकडे जुना आहे. इतिहास मात्र नेमका उलट आहे. जुन्या इंग्रजींत ‘दाऊ’ हें एकवचन. ‘यू’ हें अनेकवचनाचें रूप. तेराव्या शतकापासून फ्रेंच शिष्टाचाराच्या वळणावर एकट्या थोर माणसासही अनेकवचन लावण्याची रीत पडली, आपल्या ‘तुम्ही’सारखीच. ‘दाऊ’ उरला तो जिवलगांस, मुलांस, चाकरांस आणि ईश्वरास. १६०३ सालीं सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां सरकारी वकील एडवर्ड कोक यानें त्यास भर न्यायालयांत मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणविलें. पुढें जॉर्ज फॉक्सचे क्वेकर अनुयायी सर्वांस समान मानून न्यायाधीशासही ‘दाऊ’ म्हणूं लागले, आणि त्यापायीं त्यांनीं लोकांचा रोष ओढवून घेतला. सतराव्या शतकाअखेर शिष्ट बोलींतून ‘दाऊ’ बहुतेक लोपला; प्रार्थना, काव्य आणि कांहीं प्रांतिक बोली यांतच तो टिकला. म्हणजे इंग्रजानें सर्वांस ‘तूं’ केलें नाहीं, सर्वांस ‘तुम्ही’ केलें!

पण जें सर्वांस मिळतें, त्यानें कोणाचाच विशेष मान होत नाहीं. म्हणून तेथें अदबीचा भार क्रियापदावर पडला. आपल्याकडे ‘बस, बसा, बसावें’ अशा पायऱ्या आहेत. इंग्रजी आज्ञार्थास पायरी एकच, आणि तिच्यापुढें ‘प्लीज’ लावलें तरी आज्ञा ती आज्ञाच. म्हणून इंग्रज ‘कुड’, ‘वुड’ हीं मूळचीं भूतकाळचीं रूपें घेऊन प्रश्न करतो. ऐकणारास नकार देण्यास वाव ठेवतो.

ही रीत आपणांस परकी नाहीं. शेजारच्या घरीं आपण ‘पाणी द्या’ म्हणत नाहीं. ‘जरा पाणी मिळेल का?’ असेंच विचारतों. त्या मुलास आम्हीं एवढेंच सांगितलें: कृपेचे शब्द वाढवूं नकोस, घरीं विचारतोस तसें विचार.