आधी बादली, मग यंत्र

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तिथली रंगीत जोर्वे भांडी, दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून केलेली मुलांची दफने पुष्कळांना ठाऊक असतात. तिथला शेतकरी मुख्यतः सातू पिकवत होता, हे मात्र कळले ते मातीत उरलेल्या जळक्या दाण्यांवरून. अशा दाण्यांचे आणि हाडांचे शास्त्र शिकू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे.

या शास्त्राची पहिली उपकरणे म्हणजे बादली, पाणी आणि बारीक चाळणी. थराची माती पाण्यात सोडून हलकेच ढवळली की कोळसा आणि दाणे वर येतात. ते चाळणीवर ओतून घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे, उन्हात तडकतात. पिशवीतली थराची चिठ्ठी हरवली, तर दाणा कितीही सुबक असो, टाकून दिलेला बरा.

पुढे सूक्ष्मदर्शक येतो. तो दाणा मोठा करून दाखवतो, ओळखून देत नाही. त्यासाठी शेजारी आजचा, मुद्दाम भाजून ठेवलेला दाणा लागतो. हाडांचेही तसेच. शेळी की मेंढी, हा घोळ कपाटात दोन्हींचे सांगाडे असल्याशिवाय सुटत नाही. म्हणून कुठलीही प्रयोगशाळा पाहायला गेलात तर आधी कपाटे उघडायला सांगा. पाहुण्यांना यंत्रे दाखवायची हौस सगळ्यांनाच असते.

यंत्रांना मी नावे ठेवत नाही. कर्ब-14 वरून काळ काढायला पूर्वी काही ग्रॅम कोळसा लागे. आता दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये आहे तसल्या यंत्राला मिलिग्रॅमभर कर्ब पुरतो. सातूचा एक दाणा झाला. शिवाय दाणा एकाच हंगामातला; तुळईच्या कोळशात झाडाचे वयही मिसळलेले असते. उलट, हरयाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या साठेक नमुन्यांपैकी एकाच सांगाड्याचा डीएनए कामी आला, आणि तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या उष्ण हवेत डीएनए फार टिकत नाही. त्यात खणणाऱ्याचा घाम मिसळला, तर पुढे कोणतेही यंत्र काय करणार?

पहिल्या प्रकरणाआधी एक काम करा. सातू, गहू, तूर, मूग यांचे चार-चार दाणे तव्यावर कोळसा होईपर्यंत भाजा, मिसळा आणि भिंगाखाली वेगळे करून पाहा. जमले नाही, तरी पान उलटा. पण ते दाणे डबीत जपून ठेवा, आणि आत चिठ्ठी घाला.