पोंतकसिल्ते जलसेतू: जिथे कॅनू नदीच्या ३८ मीटर वरून जाते

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेतीचं पाणी आठवतं. ब्रिटनमधले जुने कालवे मात्र मुख्यतः मालवाहू बोटींसाठी खोदले गेले. वेल्समधला लँगोलेन कालवा त्यांपैकीच एक. आज तिथे पर्यटक कॅनू वल्हवत निवांत फिरतात.

या सफरीतला सर्वात थरारक टप्पा म्हणजे पोंतकसिल्ते जलसेतू. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला हा सेतू १८०५ मध्ये खुला झाला. उंच दगडी खांबांवरच्या लोखंडी पन्हळीतून कालवा डी नदी ओलांडतो. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही! २००९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मग हा कालवा टिकला कसा? मालवाहतूक रोडावल्यावर १९४४ मध्ये कायद्याने तो जलवाहतुकीसाठी बंद झाला. पण डी नदीचं पाणी त्यातूनच पुढे जात होतं, म्हणून तो बुजवला गेला नाही. या पाण्यामुळेच इथे हलका प्रवाह जाणवतो. लँगोलेनकडे जाताना वल्ह्याला जोर लावावा लागतो, परतताना पाणीच साथ देतं.

कॅनू न्यायची तर लायसन्स लागतं. आणि लाइफ जॅकेट विसरू नका.