भुकेचं माप कोणाच्या हातात?

मी सूतगिरणीत राबतो. तिथं सुताचा काउंट मोजतात, गाठीचं वजन करतात. सूत काढणाऱ्या हाताला किती भाकर लागते, हे कुणी विचारत नाही. सरकारनं मात्र ते पुन्हा पुन्हा मोजलंय. ते कसं, हा आपलाच इतिहास आहे.

१८७७ चा जानेवारी. मद्रास आणि मुंबई इलाख्यात दुष्काळ. खर्च आवरायला व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपलला धाडलं. टेंपलनं दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी ठरवली : एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला : एवढ्यावर राबणारं शरीर टिकत नाही. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामंच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. पुढं मद्रास सरकारनं माप वाढवलं, पण तोवर माणसं मेलेली होती. पोट बघून नव्हे, तिजोरी बघून ते माप ठरलं होतं.

इंग्रज गेले, माप राहिलं. १९७१ साली पुण्याच्या दांडेकर आणि रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून गरिबी मोजली. १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटानं खेड्यात २४०० आणि शहरात २१०० ठरवल्या. डॉ. सुखात्मे म्हणाले, शरीराची गरज रोज सारखी नसते, सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. त्यांच्या हिशेबानं उपाशी माणसांचा आकडा खाली येत होता. दांडेकरांनी ते मानलं नाही. २००९ साली तेंडुलकर समितीनं कॅलरीची दोरीच सोडली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात सरकारनं सांगितलं : शहरात रोज ३२ रुपये, खेड्यात २६. त्याच्या वर खर्च करणारा गरीब नाही!

या सगळ्या मापांत एक खोट आहे. ती घर मोजतात, घरातलं ताट मोजत नाहीत. शेवटी जेवणारी बाई त्यात दिसत नाही. कॅलरी भाकरीनंही भरते, पण डाळ, दूध, अंडं यांचं काय? गढूळ पाण्यानं पोरगं हगवणीला लागलं, तर खाल्लेलं अंगी लागतच नाही.

म्हणून मला पोराची उंची जास्त खरी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. १५ ते ४९ वयाच्या बायांत ५७ टक्क्यांना रक्त कमी. दलित-आदिवासी पोरांत खुजेपणा देशाच्या सरासरीहून जास्त. सरासरीत जात बुडून जाते, उंचीत ती उभी राहते.

तेव्हा दोस्तांनो, नुसत्या घोषणा देऊ नका. वस्तीतल्या अंगणवाडीत जा. वजनकाटा चालतो का बघा. कोणत्या पोराचं वजन घेतलंच नाही, ते विचारा. आईला तिच्या लेकराचा तक्ता वाचून दाखवा. आकडे आपल्या वहीत उतरवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.