दोघांनीही ‘चालेल’ म्हटलं, तर मारामारी कायदेशीर होते का?

समजा, धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या मागे दोन तरुण भेटले. आठवडाभर इन्स्टाग्रामवर ‘दम असेल तर समोर ये’ चाललं होतं. दोघंही अठराच्या वरचे. कॅमेऱ्यासमोर दोघांनी सांगितलं की आम्ही आपल्या मर्जीने लढतोय, काही झालं तर कुणाची तक्रार नाही. मग भिडले आणि एकाचा दात तुटला.

आता पोलिसांनी काय करायचं? जबरदस्ती झालेली नाही, फसवणूक नाही, तक्रारदारही नाही. मग गुन्हा कसला?

बहुतेकांना वाटतं की संमतीचा व्हिडिओ असला की विषय संपला. काहींना उलट वाटतं, की मारामारी म्हणजे गुन्हाच. कायदा या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे.

कलम २५ काय म्हणतं?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २५ हे जुन्या दंड संहितेचं कलम ८७. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतःहून संमती दिली असेल, आणि कृतीमागे मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यताही माहीत नसेल, तर त्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. गंमत म्हणजे कायद्याने इथे उदाहरणच लढतीचं दिलंय: करमणूक म्हणून तलवारबाजी खेळणारे दोघं. नियम न मोडता लागलं तर गुन्हा नाही. कुस्ती आणि बॉक्सिंगही यातच बसतात.

पण ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय, हे कलम ११६ सांगतं. डोळा किंवा कान निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं, दात तुटणं. म्हणजे आपल्या गोष्टीतला तो दात मोजला जातो. उघड्या मुठींनी तोंडावर मारताना असं काही होईल हे माहीत नव्हतं, असं म्हणणं कठीण. मग कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात, आणि आपसात मिटवायचं तरी न्यायालयाची परवानगी लागते. सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता मोडल्याचं कलम १९४ वेगळंच.

आणि एखादा मेला तर? कलम १०१ च्या पाचव्या अपवादानुसार, अठरा वर्षांवरच्या माणसाने मृत्यूचा धोका स्वतःच्या संमतीने पत्करला असेल तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. सुटका नाहीच. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्यातही आहे.

मग गोटमार कशी चालते?

नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, घरोघरी तान्हा पोळा असतो, आणि त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव हे जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावलेला असतो. पांढुर्ण्याच्या लोकांनी तो मिळवायचा, सावरगावच्यांनी अडवायचा. सांगितलं जातं ते असं, की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला पळवून नेत होता आणि नदीतच दोघांवर दगड बरसले.

दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर डझनाहून जास्त मृत्यू झाल्याचं सांगितलं जातं. गंभीर जखमींना नागपूरला हलवतात. नागपुरात धंतोली-रामदासपेठ हा खासगी दवाखान्यांचा पट्टा, त्यामुळे या भागाला गोटमार फार लांबची वाटू नये.

थांबवायचे प्रयत्न झाले. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडे वळले. १९७८ आणि १९८७ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यातही माणसं दगावली. आता काठावर पोलीस, रुग्णवाहिका आणि उपचाराचे तंबू असतात. जमावबंदीचे आदेश निघतात, जमाव जमतोच.

कलम २५ च्या कसोटीवर गोटमार टिकत नाही, कारण दगडाने डोळा जाईल, डोकं फुटेल हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. दारू प्यायलेलेही असतात. नशेत आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नसेल, तर कलम २८ प्रमाणे ती संमतीच नव्हे. तरी खटला उभा राहणं अवघड, कारण द्वंद्वात समोरचा माणूस ठरलेला असतो. इथे शेकडो हातांतून दगड सुटतात. दवाखान्यात जखमीची पोलिसांसाठी नोंद होते, पण कुणी मारलं याचं उत्तर जखमीलाही देता येत नाही.

द्वंद्व कायदेशीर करून पाहिलेला देश

उरुग्वे. एप्रिल १९२० मध्ये तिथले माजी राष्ट्राध्यक्ष होसे बाट्ये यांनी वॉशिंग्टन बेल्त्रान या खासदाराला द्वंद्वात गोळी घालून मारलं. त्याच वर्षी द्वंद्व कायदेशीर झालं. अट एकच: अपमान खरंच द्वंद्वाच्या लायकीचा आहे का, हे आधी पंचांचं मंडळ ठरवेल. १९९२ मध्ये हा कायदा रद्द झाला.

तिथे द्वंद्वाला उतरायचे ते मुख्यतः राजकारणी, संपादक, लष्करी अधिकारी. आव्हान नाकारलं तर भित्रा ठरायची भीती. संमतीची खरी अडचण इथेच आहे. कागदावर ती एकट्या माणसाची असते, पण ती देताना आजूबाजूला गाव उभं असतं. पांढुर्ण्यात काठावरचं, इन्स्टाग्रामवर फॉलोअर्सचं. ‘मी येत नाही’ म्हणायची किंमत जिथे एवढी मोठी, तिथल्या ‘हो’ वर किती विसंबायचं? संमती असलेलं द्वंद्व कायदेशीर करा म्हणणारे याचं उत्तर सहसा देत नाहीत. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ हा त्यांचा मुद्दा मात्र हलका नाही. बॉक्सिंगमध्येही मेंदूला मार बसतो, आणि तिथे आपण तिकीट काढून बसतो. फरक एवढाच की तिथे ग्लोव्ह्ज असतात, डॉक्टर असतो, आणि पंच मध्येच लढत थांबवू शकतो.

भांडण ठेवून जखम वगळता येते, याचं उदाहरण साताऱ्यात आहे. खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच ‘बोरीचा बार’.

दहीहंडीचं नियमन न्यायालयातून झालं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठराखालच्या मुलांना बंदी आणि थरांना वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये वयाची अट चौदावर आली आणि उंचीची मर्यादा गेली. बैलगाडा शर्यतींसाठी, म्हणजे विदर्भातल्या शंकरपटांसाठी, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने माणसांच्या लढतीसाठीही एखादं राज्य राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करू शकतं. मध्य प्रदेशाने गोटमारसाठी असा कायदा केलेला नाही.