शवपेटीजवळचा नाशिककर

1874 सालचे एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा काढून पाहतो. डेव्हिड लिव्हिंग्स्टनची शवपेटी आणि तिच्याजवळ युरोपीय पोशाखातला एक आफ्रिकी तरुण. ‘विश्वासू सेवक’ एवढीच त्याची ओळख बहुतेकांनी करून दिली. तो जेकब वेनराइट, आपल्या शरणपूरचा विद्यार्थी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवले. ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. सुटलेली काही मुले मुंबईमार्गे इथे आली. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकली. नावेही नवी मिळाली. जेकब मूळचा याओ जमातीचा. ‘वेनराइट’ हे आडनाव अर्थातच परके.

मे 1873 मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना वाचली जेकबने. झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच : लिव्हिंग्स्टनचे नाव, तारीख आणि तिघा सोबत्यांची नावे. स्वतःचे नाव त्याने कोरले नाही. मला हे त्या छायाचित्रापेक्षा बोलके वाटते. पुढे सुमारे नऊ महिने पायपीट करून या मंडळींनी शव किनाऱ्यावर आणले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

आता मालीतल्या बामाको शहराकडे पाहा. सेदू केइता हा तिथला सुतार. काकाने आणून दिलेल्या साध्या कॅमेऱ्यावर तो बव्हंशी स्वतःच छायाचित्रण शिकला आणि 1948 साली त्याने स्टुडिओ काढला. अंगणातला उजेड, मागे नक्षीची चादर. गिऱ्हाईक स्वतःच्या ऐटीत बसे; हवे तर स्टुडिओतले घड्याळ, रेडिओ, स्कूटर जवळ घेई. शक्यतो एकच फोटो काढायचा, कारण फिल्म महाग. तिथे माणूस कोणाच्या तरी शेजारी उभा नाही. वस्तू त्याच्या शेजारी आहेत. जेकबच्या चौकटीतून शवपेटी काढली, तर ते छायाचित्र कोणी जपून ठेवले असते का, याची मला शंका आहे.

त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, लेखणी होती. प्रवासाची रोजनिशी त्याने स्वतः लिहिली, तिचे जर्मन भाषांतरही 1874 मध्येच छापले गेले. शरणपूरच्या शाळेचे हे फळ नाशिकच्या इतिहासात ठळक यायला हवे होते.

1875 मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवले, तेव्हा नाशिकला शिकलेली माणसेच हाताशी होती. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1885 मध्ये धर्मोपदेशक झाले. जेकब 1892 साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. लिव्हिंग्स्टनच्या त्याच तुकडीतला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात 1935 पर्यंत जगला. इंग्रजी लेखनात तोही ‘नासिक बॉय’च.